तळ्याचा कागद

दीपमालाने वहाणा काढल्या, पायातले पैंजण काढून पदराच्या टोकाला बांधले आणि मगच ती शेततळ्याच्या बांधावर चढायला लागली. दुपार कलली होती तरी माती निवली नव्हती, तळवे भाजत होते. पण हा घरचा नियम होता, आणि तो सासऱ्यांनी, बहिरूनानांनी, घालून दिलेला होता. तळ्यात पाणी मुरू नये म्हणून आतून प्लास्टिकचा जाड काळा कागद अंथरलेला. त्या कागदाला खडा टोचू नये, काटा लागू नये, बाईच्या पैंजणाची कडी घासू नये. बांधावर यायचं ते अनवाणी. हातात काठी नको, कमरेला विळा नको. जावयाला मिळाला नसता इतका मान त्या घरात कागदाला होता.

एरवी बांधावर रोज फेरी मारायचे ते नानाच. पण परवा दुपारपासून ते अंथरुणाला खिळले होते. ऊन लागलं, म्हणाले, आणि ऐन मे महिन्यात गोधडी पांघरून पडून राहिले. नवरा, ज्ञानेश, टोमॅटोची गाडी घेऊन पहाटेच नाशिकला गेलेला. बागेतल्या ठिबकच्या नळ्यांना पाणी कमी येतंय हे दीपमालाच्या ध्यानात आलं, म्हणून ती पाहायला निघाली. नाहीतर आपण होऊन त्या तळ्याकडे फिरकणारी बाई ती नव्हती.

चढाच्या सुरुवातीलाच तिला दोन लहान चपला दिसल्या. गुलाबी, रबरी, एकीचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

पल्लवीच्या चपला. पल्लवी म्हणजे मंगळूची पाच वर्षांची पोर. मंगळू सुरगाण्याकडचा, दिवाळीपासून त्यांच्या शेतात कामाला होता आणि तळ्यापलीकडच्या खोपीत राहत होता. बायको चिमणाबाई, तिची आई आजारी पडली म्हणून, आधीच गावी गेलेली, तेव्हा खोपीत बाप आणि लेक दोघंच. पाऊस तोंडावर आला की ही माणसं भाताच्या, नागलीच्या कामाला परततात. परवा दुपारी त्यांना न्यायला जीप आली होती. दीपमालाने घरातून हॉर्न ऐकला, धुरळा पाहिला, आणि ऊन फार म्हणून ती बाहेर आली नाही. संध्याकाळी पाहिलं तर खोपी रिकामी होती.

"अनवाणीच गेली वाटतं येडी," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि वर चढली.

वर येऊन तिने पाण्याकडे पाहिलं. पाणी हातभर उतरलं होतं. मे अखेरीला तसंही तळाशी पुरुषभरच पाणी उरायचं. बाकी सगळा उघडा उतार, काळा, गुळगुळीत, उन्हात चमकणारा. पण परवापर्यंत पाणी जिथे होतं तिथली हिरवी रेघ आता कोरडी पडली होती. कागद कुठेतरी फाटला होता. तिची नजर कडेकडेने फिरत गेली आणि पूर्वेच्या कोपऱ्यात थांबली.

तिथे उतारावर चिरा होत्या. एक नाही, दोन नाही, खालून वरपर्यंत ओळीने. ती बांधावरून त्या कोपऱ्याकडे गेली आणि वाकून पाहू लागली. आधी तिच्या मनात साळिंदर आलं, मग खेकडे आले. पण साळिंदर असं ओळीने कुठे चालतं? खाली पाण्यालगतच्या चिरा वेड्यावाकड्या होत्या, एकीत एक घुसलेल्या, लांब ओरखडत गेलेल्या. जसजशा वर येत होत्या तसतशा सुट्या, आडव्या, एकीपासून दुसरी हाताच्या अंतरावर. प्रत्येक चिरेतून खालची पिवळी माती उकरून निघाली होती. बोटं खुपसल्यासारखी.

दीपमाला मटकन खाली बसली. हे कोणी बाहेरून येऊन फाडलेलं नव्हतं. कोणीतरी पाण्यात होतं. पाण्यात होतं आणि वर येण्यासाठी धडपडत होतं.

आणि शेवटची चीर काठापासून दोन हात खालीच संपली होती.

ह्या तळ्याची भीती तिच्या मनात काल-परवाची नव्हती. गेल्या वर्षी वस्तीवरचं एक कुत्रं आत पडलं होतं. सकाळी सापडलं तेव्हा कडेच्या कागदावर सगळीकडे त्याच्या नख्यांचे पांढरे ओरखडे होते. बिचारं रात्रभर काठाकाठाने पोहत फिरलं असणार, आणि एवढ्या मोठ्या तळ्यात त्याला नखी रोवायला जागा मिळाली नव्हती. विहिरीत पडलेल्या माणसाला दगडाच्या कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. इथे नुसता शेवाळलेला उतार. नानांनी कुत्रं बाहेर काढलं आणि आधी कागदाला भोक पडलंय का ते पाहिलं. त्या दिवसापासून तिला स्वप्नात तो उतार दिसायचा आणि उतारावर तिची सात वर्षांची सृष्टी.

तिने तेव्हाच कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाला गाठी मारलेला दोर बांधला होता. नानांनी तो सोडून टाकला. "सुंभाचा दोर हे, वाऱ्यानं हलतो, कागद घासतो," म्हणाले. मग दिवाळीनंतर तिने आपली जुनी लाल साडी फाडली, तिच्या पट्ट्यांची जाड वेणी घातली, मऊ, कागदाला काही होणार नाही अशी, आणि गुपचूप पुन्हा बांधली. उरलेल्या कापडाचा पल्लवीला झगा शिवला. ती वेणी पाहून नाना हसले होते. "विहिरीत मुटके मारून जलम गेला माझा. ह्या डबक्याला कोण भितं?"

आता त्या खांबाकडे पाहायचा तिला धीर होत नव्हता. तरी तिने पाहिलं. खांबाला गाठ होती, गाठीखाली वीतभर लाल शेंडा होता, आणि बाकीचा दोर नव्हता.

दोर तुटला होता. तिने स्वतःच्या हातांनी वळलेला दोर कोणाच्या तरी वजनाने तुटला होता.

ती घराकडे पळत सुटली. वहाणा तिथेच राहिल्या.

सृष्टी पडवीत चिंचोके मांडून खेळत होती. दीपमालाने तिला दोन्ही खांद्यांना धरलं.

"परवा पल्लवी जीपमधी बसली तेव्हा तू पाहिलं का तिला?"

"नाही. तू मला निजवलं होतं ना."

"जायच्या आधी भेटली? बाय केलं तुला?"

"नाही ना. मी उठत होते तर तूच उठू दिलं नाही. नानांनी हाक मारली तेव्हा पण."

दीपमालाला ते आठवलं. सृष्टी झोपेतून डोकं वर करून म्हणाली होती, आई, नाना बोलवतात. तिने कान दिला होता. काहीच ऐकू आलं नव्हतं. स्वप्न पडलं असेल म्हणून तिने पोरीला थोपटलं होतं. कारण नानांची हाक कधी एक नसायची. सुनेचं नाव ते घेत नसत. चहा हवा असो, पाणी हवं असो, बैल सुटलेला असो, शेतातून आरोळी यायची ती "सृष्टेऽऽ" अशीच, आणि कोणी जाऊन उभं राहीपर्यंत ती थांबायची नाही.

आत खाटेवर नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. दीपमाला दारात उभी राहिली.

"नाना, मंगळू गेला तेव्हा तुम्ही होता का तिथं?"

गोधडी थोडी हलली.

"जीप गेल्याचा आवाज आला," नाना भिंतीला सांगावं तसं म्हणाले.

"पोरगी होती का संगं?"

"आसंल की. बापासंगंच जाईल ना ती."

त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

ज्ञानेश आला तेव्हा तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही; तशीच हात धरून बांधावर घेऊन गेली. त्याने चिरा पाहिल्या आणि त्याचं डोकं फिरलं.

"मंगळ्याचं काम हे. दुसऱ्या कोणाचं नाय."

"अहो, पण..."

"त्याच्या पोरीनं बांधावर काठी आणली म्हणून नाना त्याला आदल्या दिवशी लय बोलले. त्याचा राग काढला त्यानं. आणि घरातला विळा पण नाही सापडत, काल शोधला मी. विळ्यानं फाडला नि विळा घेऊन पळाला. सोडतो का आता त्याला? उद्या सुरगाण्याला जाऊन कॉलर धरून आणतो."

"तुम्ही नीट बघा ना आधी. वरून कोणी फाडलं असतं तर काठाशी फाडलं असतं. हे खालून वर आलंय. पाण्यातून."

ज्ञानेशने पुन्हा पाहिलं. ह्या वेळी तो बराच वेळ पाहत राहिला. मग दीपमालाने त्याला बांधाच्या पायथ्याशी नेलं आणि बोट दाखवलं. तिच्या स्वतःच्या वहाणांशेजारी त्या गुलाबी चपला तशाच होत्या.

त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे जे आलं ते पाहून दीपमालाला जास्त भीती वाटली. एकटीला वाटत होतं तोवर ते खोटं ठरायला जागा होती.

"पोरगी पडली असेल," ती म्हणाली. "तिच्यासाठी मंगळू उतरला असेल. कमरेला विळा होता म्हणून तो चिरा पाडत वर... वर आला का तो? का दोर धरला नि दोर तुटला?"

"जीपमधी गेलेत ते."

"पाहिलं कोणी?"

ज्ञानेशने मंगळूला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग त्याने वरच्या वस्तीवरच्या गोटीरामला लावला. त्याच्याकडचीही माणसं त्याच जीपने गेली होती. दीपमाला फोनला कान लावून उभी राहिली. गोटीराम म्हणाला, जीप आमच्याकडे आली तेव्हाच खच्चून भरलेली होती बाबा, टपावर माणसं होती, पोरं मांडीवर, पायाशी, कोणाची कोणती काय सांगणार. मंगळू? असेल की. नाय, मी काय पाहिला नाय त्याला.

"का रे, काय झालं?"

"काही नाही," असं म्हणून ज्ञानेशने फोन ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मी उतरून बघतो."

"तुम्ही उतरायचं नाही." दीपमालाने त्याचा सदरा मुठीत धरला. "दोर नाही, काही नाही. पाणी काढायचं. सगळं. तळ दिसेपर्यंत."

घराच्या ओट्यावर नाना उठून बसले होते. ज्ञानेश इंजिनाचा पाइप ओढायला लागला तसे ते गोधडीसकट भिंतीला टेकून उभे राहिले. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"काय चाललंय?"

"पाणी काढतोय नाना. विहिरीत सोडतो."

"विहिरीला पाझर हे. चार दिवसांत सगळं पाणी जमिनीत जाईल. बागंला काय घालशील मग, पाऊस येईस्तोवर?"

"कागद फाटलाय. कोणीतरी पाण्यात होतं," ज्ञानेश म्हणाला. "पल्लवीच्या चपला हेत बांधाखाली."

नानांचे ओठ हलले. त्यांनी खाली पाहिलं.

"काही नाय त्या तळ्यात," ते म्हणाले. "उगा पाणी घालवू नका."

आजवर दीपमाला त्यांना उलटून एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं असेल ते नवऱ्याच्या तोंडून बोलायची, नाहीतर गिळायची. पण त्या वेळी तिला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की पदर खांद्यावरून घसरला तेही तिला कळलं नाही.

"कागद, पाणी, बाग! लेकरू असेल नाना त्याच्यात! कुत्रं मेलं तेव्हा पण तुम्ही कागदच पाहिला!"

नाना परत खाटेवर जाऊन बसले.

इंजिन सुरू झालं. पाइप फुगला, विहिरीत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. सृष्टीला दीपमालाने शेजारच्या लताबाईंकडे पोचवलं आणि दार लावून ठेवा, असं दोनदा सांगितलं. मग ती येऊन बांधावर बसली. ज्ञानेश पलीकडच्या कडेला, इंजिनाजवळ. मध्ये ते हिरवं, गढूळ पाणी. त्यातलं काहीएक दिसत नव्हतं. एक लांब बांबू होता घरात, टोकाला गळ लावून तळ चाचपता आला असता. पण गळाने खालचा कागदही फाटला असता, असं ज्ञानेश सवयीने बोलून गेला आणि लगेच ओशाळला.

पाणी उतरताना आधी काहीच कळत नाही. मग कागदावर एक ओला पट्टा दिसतो, मग तो रुंद होतो. दीपमालाने त्या पट्ट्यावर नजर लावली होती. तिला पाणी लवकर जावं असं वाटत होतं आणि जाऊच नये असंही वाटत होतं. जोवर पाणी होतं तोवर पल्लवी सुरगाण्यात, आपल्या आईच्या मांडीवर होती. ती पोर किती चिवचिव करायची. सृष्टीने टाकलेली वही घेऊन तिच्याशेजारी बसायची आणि उलटी धरून वाचायची. बांधावर चढताना चपला काढायला तिला कोणी शिकवलं होतं? दीपमालानेच. "इथं काढायच्या, अशा, शेजारी शेजारी. नाना रागावतील." लेकराला पाण्याला भी असं सांगायचं सोडून तिने नानांना भी असं सांगितलं होतं.

कागदाच्या घड्या एकेक करून उघड्या पडत होत्या, आणि प्रत्येक घडी तिला आधी काहीतरी वेगळीच दिसायची, मग घडी दिसायची.

ऊन पिवळं झालं तेव्हा तळ जवळ आला. मधोमध खोलगट भागात पाणी उरलं. आणि तिथे, गाळाच्या वर, काहीतरी लाल हललं.

दीपमालाने हात वर केला. ज्ञानेशने तिकडे पाहिलं. लाल कापड होतं, पाण्याबरोबर फुगत होतं, बसत होतं. तोच लाल. साडीचा, झग्याचा.

ज्ञानेशने सदरा काढून फेकला आणि तो काठाशी आला.

"उतरू नको!"

नाना कधी बांधावर येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नव्हतं. गोधडी खांद्यावर तशीच होती. त्यांनी ज्ञानेशचा दंड पकडला. पकडताना त्यांच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या दीपमालाने पहिल्यांदा पाहिल्या. दोन दिवस ते हात गोधडीबाहेर आलेच नव्हते.

"उतरू नको बाबा. वर येता येत नाय तिथनं." त्यांना धाप लागली होती. "कोणी नाय त्याच्यात. दोर हे तो. हिचा दोर."

"दोर तुटला..." दीपमाला म्हणाली.

"तुटला नाय. कागद घासतो म्हणून कापला मी. विळा घेऊन आलतो. गाठ ओल्यानं आवळली होती, सुटंना. कापला, नि दोरासकट खाली गेलो." नानांनी त्याचा दंड सोडला. "मीच होतो पाण्यात."

इंजिन चालूच होतं. ज्ञानेशने जाऊन ते बंद केलं. मग तिघंही तळाकडे पाहत उभे राहिले. लाल वेणी गाळात पसरली होती, तिच्या गाठी आता ओळखू येत होत्या. जवळच विळ्याची मूठ वर आलेली होती, निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"मग बोलला का नाही?" ज्ञानेश म्हणाला. "मी मंगळूला चोर म्हणालो. आणि तुम्ही खाटेवर पडून राहिला."

नानांनी चिंध्या बांधलेली बोटं गोधडीत लपवली. विहिरीत मुटके मारणारा माणूस डबक्यात पडला, हे दोन दिवस त्यांना तोंडातून बाहेर काढता आलं नव्हतं.

तळ्यात कोणी नव्हतं, एवढं दीपमालाला कळलं होतं. पण कळणं आणि जीव भांड्यात पडणं ह्यात अंतर असतं. चपला अजून बांधाखाली होत्याच. ती खाली गेली, त्या चपला उचलल्या आणि पदराखाली घेऊन घरी आली.

दिवेलागणीला मंगळूचा फोन आला. गावात रेंज नसते म्हणून तो टेकडीवर चढून आला होता. आवाज तुटत होता.

"दादा, लय फोन आले तुमचे. काय झालं? आमी जीपवाल्यानं घाई केली म्हणून न सांगता आलो. नानाला हाका मारल्या, ते काय दिसले नाय."

"पल्लवी कुठं हे?" ज्ञानेशने विचारलं.

"ही काय, खांद्यावर बसली माह्या. दादा, तिच्या चपला ऱ्हायल्या तिकडं. रडून गोंधळ घातलाय हिनं. ठेवा बरं नीट, दिवाळीला आलो की घेईन."

दीपमालाने फोन हातातून ओढून घेतला. पलीकडून वारा ऐकू येत होता आणि वाऱ्यात एक बारीक आवाज कसलंसं गाणं म्हणत होता. ती फोन कानाला लावून रडत राहिली, आणि मंगळू तिकडून "वहिनी? वहिनी, ऐकू येतं का?" असं विचारत राहिला.

जेवणाला नाना उठले नाहीत. दीपमाला तांदळाची कण्हेरी घेऊन त्यांच्या खाटेशी गेली. वाटी धरायला त्यांना जमत नव्हतं, तेव्हा तिने चिंध्या सोडल्या. चार बोटांची नखं मुळापासून उलटली होती. तिने गरम पाण्यात हळद घातली आणि फडकं भिजवून एकेक बोट पुसायला लागली. दुपारचा राग तिच्या मनात अजून होता. पण ही बोटं पाहून तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"किती वेळ होता पाण्यात?" तिने विचारलं.

"काय म्हाईत. ऊन डोक्यावर होतं तेव्हा पडलो. जीप गेली ती ऐकू आली. मंग विळ्यानं कागद फाडत, चिरांत बोटं रोवत वर आलो; काठ हाताला लागला नि विळा निसटला."

"आम्ही घरातच होतो नाना. हाक का नाही मारली?"

"मारली."

दीपमालाचा हात थांबला.

"एकदा मारली," नाना म्हणाले. "सृष्टे म्हणून. तोंडात तेच बसलंय ना. नि मग ध्यानात आलं, हाक ऐकून पळत कोण यील? तीच यील. तू मागून येशील, पन पुढं ती. अशी पळत बांधावर चढंल नि वाकून बघंल, नाना कुठं हेत म्हणून."

त्यांनी बोट आखडून घेतलं. हळद झोंबली असावी.

"मंग नाय मारली परत."

फडकं भांड्यात पडलं. उन्हात, त्या गुळगुळीत उताराशी, तोंड मिटून बसलेला म्हातारा तिला दिसला. आणि शंभर पावलांवर, पंख्याखाली, पोरीला थोपटत असलेली ती स्वतः दिसली. तिने भांड्यातून फडकं काढलं, पिळलं आणि पुढचं बोट हातात घेतलं.

सकाळी कागद जोडणारा राज मशीन घेऊन नाशिकहून आला. उरलेलं पाणी पहाटे उपसून काढलं होतं. दोर लावून ज्ञानेश आणि तो खाली उतरले आणि खालच्या चिरांपासून ठिगळं डकवायला लागले. वितळलेल्या प्लास्टिकचा वास घरापर्यंत येत होता. नानांनी ज्ञानेशला सांगून गावातून ट्रॅक्टरच्या फाटक्या टायरी आणवल्या होत्या आणि स्वतः बांधावर बसून, बांधलेल्या बोटांनी, उतारावर शिडीसारख्या सोडायला त्यांतून लाल वेणी गुंफत होते.

दीपमाला चुलीपाशी भाकरी थापत होती. सृष्टी बाजूला चहात बटर बुडवून खात बसली होती. तेवढ्यात बांधावरून आरोळी आली.

"दीपमालाऽऽ!"

तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या आवाजात तिने स्वतःचं नाव कधी ऐकलं नव्हतं. घाई लागलेला, चिरका, अजून तोंडात न बसलेला आवाज.

"आई, नाना तुला बोलावतात," सृष्टी म्हणाली आणि उठायला लागली.

"तू इथंच बस. ह्या पाटावरून हलायचं नाही."

पिठाच्या हातांनीच, दारातल्या वहाणा पायात सरकवून ती धावत सुटली. बांधाचा चढ एका दमात चढून वर आली. खाली ज्ञानेश आणि राज दोघंही सुखरूप होते, मान वर करून तिच्याकडे पाहत होते. नाना खांबापाशी उभे होते, हातात दोराचं टोक.

"काय झालं?"

"काय नाय. गाठ मार," नाना म्हणाले. "माझ्या बोटांनी आवळंना. घट्ट मार."

तिने दोर घेतला आणि खांबाला गाठ मारली. मग दुसरी मारली. पायात पैंजण वाजले तेव्हा तिला कळलं की ती वहाणा घालून तशीच वर आली होती. तिने चमकून नानांकडे पाहिलं. नाना गाठीकडे पाहत होते.

"अजून एक मार," ते म्हणाले.